शिल्पकार अँटोनिओ कॅनोव्हा

उत्तर इटलींतील पोसान्यो नांवाच्या खेड्यांत, एका पाथरवटाच्या घरीं, ता. १ नोव्हेंबर १७५७ रोजीं कॅनोव्हाचा जन्म झाला. १७६१ सालीं त्याचें पितृछत्र हरपलें. पुढें आईनें पुनर्विवाह केला, व या पोरक्या बालकाच्या संगोपनाचा भार आजा पासिनो याजवर पडला. आजाही पाथरवटच होता. त्यामुळें खेळण्याच्या वयांतच नातवाच्या हातीं छिन्नी आली. लोण्याचा सिंह घडवून त्यानें श्रीमंतांच्या पंक्तीस चकित केलें, अशी आख्यायिका आहे. परंतु त्याहून त्याच्या उमेदवारीचीं वर्षेंच आम्हांस अधिक मोलाचीं वाटतात.

व्हेनिस येथें शिक्षण घेऊन १७७९ सालीं त्यानें 'डेडॅलस व इकॅरस' हें शिल्प पुरें केलें. वृद्ध पिता मुलाच्या खांद्यास पंख बांधीत आहे, असा त्यांतील देखावा आहे. त्या वृद्धाच्या पायांशीं ठेवलेलीं पाथरवटाचीं हत्यारें पाहून आम्हांस पासिनोचें स्मरण होतें.

पुढें तो रोमास गेला. तेथें चौदावे क्लेमेंट व तेरावे क्लेमेंट या पोपांच्या समाधी त्यानें अनुक्रमें १७८७ व १७९२ सालीं पूर्ण केल्या व त्याची कीर्ति युरोपभर पसरली. प्रथम मातीची मूर्ति करावी, तिजवरून चुन्याच्या लुकणाची प्रतिकृति काढावी, तींत खिळे ठोकून मापें घ्यावीं आणि त्या मापांनीं मदतनिसांनीं संगमरवर कोरावा, अशी त्याची रीत होती. अखेरचा हात मात्र तो स्वतः, पुष्कळदां मेणबत्तीच्या प्रकाशांत, फिरवीत असे.

नेपोलियननें त्याजकडून आपला पुतळा करविला. तथापि पॅरिसांत कायम राहण्याचें निमंत्रण त्यानें स्वीकारलें नाहीं. त्याची खरी कसोटी १८१५ सालीं लागली. फ्रेंचांनीं इटलींतून नेलेल्या कलाकृति परत आणण्यास पोपनें त्यास पॅरिसला धाडिलें. जेथें पूर्वीं सन्मान मिळाला, तेथेंच आतां लोकांचा रोष पदरीं आला. तरी न डगमगतां त्यानें 'लाओकून' व 'अपोलो बेल्व्हिडीर' यांसारखीं अमोल शिल्पें रोमास परत मिळविलीं. सर्वच कांहीं मात्र परत आलें नाहीं. पोपनें त्यास मार्क्विस ही पदवी व वर्षासन दिलें; तें वर्षासन त्यानें कलेच्या व कलावंतांच्या साह्यार्थ लाविलें.

१८१९ सालीं त्यानें जन्मग्रामीं स्वखर्चानें भव्य मंदिराचा पाया घातला. तें पुरें होण्यापूर्वींच, ता. १३ ऑक्टोबर १८२२ रोजीं, व्हेनिस येथें त्याचा अंत झाला. त्याच मंदिरांत आज त्याची समाधि आहे. ज्या गांवीं आजानें त्याच्या हातीं छिन्नी दिली, त्याच गांवीं तो परतला. हें ऋणस्मरण आम्हांस त्याच्या कोणत्याही मूर्तीइतकेंच सुंदर वाटतें.