माशीच्या जिभेचा फोटो काढणारा कारकून : फ्रँक पर्सी स्मिथ

विद्यार्थी मित्रांनो, घराच्या कोपऱ्यात कोळी दिसला की आपण काय करतो? लगेच झाडू शोधतो. ताटाभोवती माशी घोंगावू लागली की हात उगारतो. अन्नावर माशी बसू देऊ नये हे तर खरंच. पण त्या माशीकडे तुम्ही कधी नीट पाहिलं आहे का? आज ओळख करून घेऊया अशा माणसाची, ज्यांनी आपलं सारं आयुष्य अशा नकोशा जीवांकडे पाहण्यात घालवलं.

फ्रँक पर्सी स्मिथ यांचा जन्म १८८० मध्ये लंडन शहरात झाला. कोवळ्या वयातच ते सरकारी शिक्षण खात्यात कारकून म्हणून चिकटले. दिवसभर फायली आणि कागदपत्रं! पण त्यांचं मन रमायचं ते सूक्ष्मदर्शकात. कोळी हा तर त्यांच्या खास आवडीचा विषय.

एकदा त्यांनी निळ्या माशीच्या जिभेचा खूप जवळून फोटो काढला. माशीला आपल्यासारखं चावून खाता येत नाही. ती अन्नावर लाळ सोडते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते. त्यासाठी तिच्या जिभेच्या टोकाला स्पंजासारखा भाग असतो आणि त्यावर बारीक बारीक खाचांच्या रांगा असतात. डोळ्यांना न दिसणारी ही नक्षी फोटोत स्पष्ट उमटली. चित्रपट निर्माते चार्ल्स अर्बन यांनी तो फोटो पाहिला आणि ते इतके खूश झाले की त्यांनी स्मिथ यांच्या हाती चित्रपटाचा कॅमेराच दिला.

पुष्कळ लोक कोळ्याला घाबरतात, हे स्मिथ यांना ठाऊक होतं. कोळी समजला तर भीती कमी होईल, असं त्यांना वाटायचं. म्हणून १९०९ मध्ये त्यांनी कोळी कसे उडतात यावर एक छोटा चित्रपट केला. कोळ्याला पंख नसतात, मग तो उडतो कसा? तो उंच जागी चढतो, पोट वर करतो आणि बारीक धागा हवेत सोडतो. वारा धाग्याला उचलतो आणि धाग्याबरोबर कोळीही निघतो प्रवासाला! हे नीट दाखवण्यासाठी स्मिथ यांनी चक्क यांत्रिक कोळी तयार केला होता.

१९१० मध्ये त्यांच्या चित्रपटातल्या कसरतपटू माशीने तर लोकांना थक्कच केलं. उताणी माशी स्वतःपेक्षा मोठा चेंडू पायांवर गरागरा फिरवत होती. ही काहीतरी हातचलाखी आहे, असं अनेकांना वाटलं. खरं तर माशी फक्त चालत होती. पायांना लागलेला चेंडू तिला जमिनीसारखाच, म्हणून पाय चालले की चेंडू फिरायचा. माशीला इजा होऊ नये याची स्मिथ यांनी काळजी घेतली होती.

आता गंमत पाहा. चित्रपटाच्या मदतीने मुलांना शिकवता येईल, ही स्मिथ यांची कल्पना. आणि ते नोकरीला होते शिक्षण खात्यातच! पण वरिष्ठांनी ती काही मनावर घेतली नाही. शेवटी बांधलेला पगार सोडून ते पूर्ण वेळ याच कामाला लागले. फुलं उमलताना, बुरशी वाढताना दाखवायची म्हणजे ठरावीक वेळाने एकेक चित्र घ्यावं लागे. राहत्या घरातच त्यांनी यंत्रं मांडली. रात्री यंत्रात काही बिघडलं तर घंटा वाजे आणि ते झोपेतून उठून धावत. पुढे ‘सीक्रेट्स ऑफ नेचर’ या मालिकेतून त्यांचे छोटे चित्रपट चित्रपटगृहांत पोहोचले. ज्या जीवांना लोक घरातून हाकलून लावत, तेच जीव ते आता तिकीट काढून पाहत होते! १९४५ मध्ये स्मिथ यांचं निधन झालं.

मित्रांनो, माशी तीच होती आणि कोळीही तोच होता. स्मिथ यांनी फक्त जवळ जाऊन, वेळ देऊन पाहिलं.

करून पाहा : या आठवड्यात अंगणातला किंवा खिडकीतला एखादा छोटा जीव निवडा. त्याला हात न लावता दहा मिनिटं बघा. जमल्यास घरच्यांच्या मोबाईलवर एक फोटो काढा आणि आधी माहीत नव्हत्या अशा तीन गोष्टी वहीत लिहून आणा. वर्गात आपण त्या वाचू.