अँटोनियाच्या हातातली छडी

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला गणेशोत्सवात सिनेमाची गाणी वाजवणारा ऑर्केस्ट्राच आठवतो. पाश्चात्त्य संगीतातला ऑर्केस्ट्रा म्हणजे ऐंशी-शंभर वादक आणि त्यांच्यापुढे, श्रोत्यांकडे पाठ करून, हातात बारीक छडी घेऊन उभा असलेला कंडक्टर. आपले मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता टीव्हीवर पाहिले असतील ना, तेच काम. कंडक्टर स्वतः एकही वाद्य वाजवत नाही. पण लय किती ठेवायची, कोणी कधी सुरू करायचं, कोणी आवाज दाबायचा, हे सगळं तो ठरवतो. आणि हो, हे काम बाईमाणसाचं नाही, असं कित्येक वर्षं मानलं जायचं!

अँटोनिया ब्रिको जन्मली हॉलंडमधल्या रॉटरडॅमला, 1902 साली. लहानपणीच ती दुसऱ्या घरी वाढायला गेली आणि 1908 मध्ये त्या पालकांबरोबर अमेरिकेत कॅलिफोर्नियात आली. तिथे तिचं नावही वेगळंच होतं, विल्हेल्मिना. त्या घरात तिला माया अशी मिळालीच नाही. पुढे तिने आपलं जन्माचं नाव परत घेतलं. संगीताशी गाठ कशी पडली, तर पोरगी नखं खाते म्हणून! ही सवय सुटावी म्हणून डॉक्टरांनी पियानो शिकवायला सांगितलं. नखं खाणं सुटलं की नाही कोण जाणे, पियानो मात्र चांगलाच जमला.

बर्कलीच्या विद्यापीठातून ती 1923 मध्ये पदवीधर झाली. याच सुमाराच्या काळात परमहंस योगानंदांच्या विचारांची तिला ओढ लागली. पुढे ती थेट बर्लिनला गेली आणि तिथल्या संगीत अकादमीतून 1929 मध्ये कंडक्टिंगचं शिक्षण पूर्ण केलं. तो वर्ग उत्तीर्ण होणारी ती पहिली अमेरिकन. कार्ल मुक यांच्यासारख्या कडक गुरूकडेही ती शिकली. 1930 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या नामांकित ऑर्केस्ट्रासमोर ती छडी घेऊन उभी राहिली, तेव्हा तिला अठ्ठावीसही पुरी नव्हती. कौतुक झालं. आता हिला काय कमी, असं कोणालाही वाटलं असतं.

पण या विद्येची एक मोठी अडचण आहे, ती मला फार जाणवते. गाणारीला तंबोरा घेऊन घरी रियाज करता येतो. कंडक्टरने काय करायचं? समोर शंभर माणसं बसल्याशिवाय तिचं वाद्यच नाही. आणि ती माणसं तिला द्यायची की नाही, हे ठरवणारे दुसरेच!

अमेरिकेत मंदी होती. न्यूयॉर्कला काम गेलेल्या वादकांचा एक ऑर्केस्ट्रा होता. 1933 मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्याचे कार्यक्रम अँटोनियाने केले. दोन छान झाले. तिसऱ्याला जॉन चार्ल्स थॉमस हे बडे गायक गाणार होते. त्यांनी बाईच्या हाताखाली गायला नकार दिला. लोकांचं लक्ष आपल्याऐवजी तिच्याकडे जाईल, अशी त्यांना भीती म्हणे. झालं, तिसरा कार्यक्रम हातचा गेला.

मग तिने काय केलं? सगळ्या बायकांचाच ऑर्केस्ट्रा उभा केला! 1935 मध्ये त्याचा पहिला कार्यक्रम झाला. बायका फार तर व्हायोलिन वाजवतील, असं म्हणणाऱ्यांनी तिथे बायकांना तुताऱ्या फुंकताना आणि नगारे बडवताना पाहिलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी पाठबळ दिलं. 1938 च्या जुलैत न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं संचालन करणारी ती पहिली स्त्री ठरली. लगेच 1939 मध्ये तिने स्वतःच्या ऑर्केस्ट्रात पुरुषांनाही घेतलं. मला तिचं हे पटतं. बायकांचा वेगळा कोपरा तिला नकोच होता. पण नवलाई ओसरली आणि बोलावणी आटली.

1942 मध्ये ती डेन्व्हरला राहायला गेली. तिथल्या मोठ्या सिम्फनीची जागा मिळेल ही आशा होती, ती काही मिळाली नाही. मग पियानोच्या शिकवण्या आणि हौशी वादकांचा एक ऑर्केस्ट्रा. दिवसा आपापली नोकरी-धंदा करणारी ही माणसं, त्यांना घेऊन तिने तीसेक वर्षं काढली. वर्षाला जेमतेम चार-पाच कार्यक्रम. अंगात बळ होतं महिन्याला तेवढे करण्याचं!

तिच्याकडे जूडी कॉलिन्स नावाची मुलगी पियानो शिकायची. ती पियानो सोडून गिटारकडे वळली, तेव्हा बाई हिरमुसल्या होत्या. पण मोठी गायिका झालेल्या याच शिष्येने जिल गॉडमिलोबरोबर 1974 मध्ये बाईंवर माहितीपट काढला. त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. त्यात अँटोनिया हसते, विनोद करते, आणि मधेच न मिळालेल्या कार्यक्रमांचा विषय निघाला की तिचा बांध फुटतो. तो भाग बघवत नाही.

माहितीपट पाहिल्यावर लोकांना जाग आली. 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या मोझार्ट महोत्सवाने तिला बोलावलं. तिकिटं इतकी भराभर संपली की कार्यक्रम पुन्हा ठेवावा लागला. बाई तेव्हा 73 वर्षांच्या होत्या. नंतर आणखीही काही बोलावणी आली. डेन्व्हरच्या त्या हौशी मंडळींना मात्र त्यांनी सोडलं नाही. वयाच्या ऐंशीनंतरही त्या तिथे तालीम घेत होत्या. 3 ऑगस्ट 1989 ला डेन्व्हरलाच त्या गेल्या.