शाळामास्तर ते नोबेल : व्हॅन डर वाल्स

पेन्सिलीची रेघ म्हणजे कागदावर सुटून राहिलेले ग्राफाइटचे पातळ थर. एका थरातील कार्बनचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. दोन थरांमधील ओढ मात्र क्षीण असते. या क्षीण ओढीला ज्यांचे नाव मिळाले, त्या योहानेस व्हॅन डर वाल्स यांची ओळख आम्ही करून देत आहोत.

१८३७ साली हॉलंडमधील लायडन येथे एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. दहा भावंडांत ते थोरले. ते प्राथमिक शिक्षक झाले. पण लॅटिन व ग्रीक येत नसल्याने विद्यापीठाची परीक्षा देता येईना. तरीही नोकरी सांभाळून ते विद्यापीठात व्याख्याने ऐकत राहिले. पुढे नियम बदलला आणि १८७३ साली, वयाच्या ३५व्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळवली. वायूचे रेणू जागा व्यापतात आणि एकमेकांना ओढतात, हे त्यांनी समीकरणात मांडले. १८८१ साली पत्नी क्षयाने वारल्या. त्या दुःखात सुमारे दहा वर्षे त्यांनी काहीही प्रसिद्ध केले नाही. पुढे ते पुन्हा कामाला लागले. १९१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९२३ साली त्यांचे निधन झाले.

२००४ साली मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचा एकच थर, ग्राफीन, वेगळा केला. थरांमधली ओढ क्षीण, म्हणूनच हे साधले. असे थर ताणले की त्यांचे विद्युत गुणधर्म बदलतात. त्यावर आज संशोधन चालू आहे.

दार बंद दिसले तरी अभ्यास सोडू नये, हे या शाळामास्तरांकडून आपण शिकू या.