पोलादाच्या पोटातला अणू आणि डॉ. होमी भाभा



आपला तालुका पोलादपूर. नावातच पोलाद आहे. आपल्या प्रत्येकाच्या घरी कोयता आहे, विळा आहे, कुदळ आहे. लोहार ज्या पात्याला पाणी देतो ते पाते पोलादाचे. पोलाद म्हणजे लोखंडात थोडासा कार्बन मिसळून केलेला धातू. कार्बन म्हणजे कोळशातला मुख्य पदार्थ. हे सगळे आपल्याला विज्ञानाच्या तासाला शिकवले आहे. पण लोखंड तरी कशाचे झाले? ते झाले लोखंडाच्या अणूंचे.

ज्या मुलाला मोठेपणी पोलादाच्या कारखान्यात पाठवायचे घरच्या मंडळींनी ठरवले होते, पण जो पोलाद सोडून अणूचा अभ्यास करायला निघाला, त्या थोर शास्त्रज्ञाचे चरित्र आज मी लिहीत आहे. त्यांचे नाव डॉ. होमी जहांगीर भाभा.

हेच चरित्र मी का निवडले, तेही सांगते. माझ्या आजीला गाठीचा आजार झाला. तिला मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात नेले. तिथे तिला लाईट द्यायचे ठरले. हे किरण कोबाल्ट नावाच्या धातूच्या अणूतून निघतात, असे काकांनी घरी सांगितले. अणू म्हटल्यावर आजी घाबरली. अणू हा शब्द तिने फक्त बॉम्बबरोबर ऐकला होता. जपानवर टाकला तोच हा का, असे ती विचारू लागली, आणि मला गावाला परत न्या म्हणून हट्ट धरून बसली. घरात कोणालाच तिला नीट समजावता येईना. मी शाळेत येऊन गुरुजींना विचारले. त्यांनी मला डॉ. भाभांचे चरित्र वाचायला दिले. त्यातून जे समजले ते असे.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईस एका सुशिक्षित पारशी घराण्यात झाला. वडील जहांगीरजी वकील होते. आईचे नाव मेहेरबाई. घरात पुस्तकांची कपाटेच्या कपाटे होती. होमीला वाचनाचा नाद होता, तसाच चित्रे काढण्याचा आणि संगीत ऐकण्याचाही. आत्याचे यजमान म्हणजे सर दोराबजी टाटा. जमशेदपूरचा पोलादाचा मोठा कारखाना टाटांचाच. तेव्हा होमीने विलायतेला जाऊन यंत्रांचे शिक्षण घ्यावे, इंजिनियर होऊन परत यावे आणि जमशेदपूरला पोलादाच्या कामात पडावे, असा बेत घरात ठरला. १९२७ साली तो इंग्लंडमधील केंब्रिज येथे शिकायला गेला.

पण तिथे त्याचे मन यंत्रात रमेना. ते ओढ घेई पदार्थविज्ञानाकडे. त्याने वडिलांना पत्र लिहून आपली आवड मोकळेपणाने कळवली. वडील रागावले नाहीत. पण त्यांनी अट घातली की आधी इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग हवे ते शीक. होमीने १९३० साली पहिला वर्ग मिळवून दाखवला. वडिलांनीही आपला शब्द पाळला. आपल्यापैकी कितीतरी जणांना शिकायचे एक असते आणि घरचे सांगतात दुसरे. होमीने न भांडता, न रुसता, आधी घरच्यांचे ऐकले आणि मग आपले खरे करून दाखवले. हा त्याचा गुण मला फार आवडला.

केंब्रिजमध्ये कॅव्हेंडिश नावाची जगप्रसिद्ध प्रयोगशाळा आहे. तिचे प्रमुख त्या वेळी लॉर्ड रदरफोर्ड होते. अणू म्हणजे भरीव गोळी नव्हे, त्याच्या मध्यभागी एक अगदी बारीक केंद्रक असते, असे त्यांनीच १९११ साली जगाला सांगितले होते. १९३२ साली त्याच प्रयोगशाळेत चॅडविक यांनी न्यूट्रॉन हा कण शोधून काढला. अशा ठिकाणी आणि अशा काळात तरुण होमी शिकत होता.

आता अणू कसा असतो ते जरा पाहू. अणूच्या मधोमध केंद्रक असते. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे कण दाटीवाटीने बसलेले असतात. प्रोटॉनवर धन विद्युतभार असतो, न्यूट्रॉनवर काहीच नसतो. केंद्रकाच्या बाहेर इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन, म्हणून हिशेब बरोबर जुळतो. केंद्रक किती लहान? समजा, लोखंडाचा एक अणू पन्नास मीटर लांबरुंद वरकस जमिनीएवढा फुगवला, तर त्याचे केंद्रक जमिनीच्या मधोमध पडलेल्या नाचणीच्या दाण्याएवढे होईल. बाकी सगळ्या जागेत फक्त इलेक्ट्रॉन. आणि गंमत अशी की अणूचे जवळजवळ सगळे वजन त्या एका दाण्यात असते!

केंद्रकात प्रोटॉन किती, यावर ते मूलद्रव्य कोणते हे ठरते. त्या आकड्याला अणुक्रमांक म्हणतात. हायड्रोजनमध्ये एकच प्रोटॉन. चुलीतल्या कोळशातल्या कार्बनमध्ये ६. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनमध्ये ८. भाताच्या ॲल्युमिनियमच्या टोपात १३. विळ्याच्या लोखंडात २६. तांब्याच्या हंड्यात २९. मंगळसूत्राच्या सोन्यात ७९. आजवर अशी ११८ मूलद्रव्ये माहीत झाली आहेत. पावसाळ्यात कोयत्याला गंज चढतो तेव्हा लोखंडाचे अणू ऑक्सिजनच्या अणूंशी जोडले जातात, पाणीही त्यात असते. आपल्या डोंगरातली माती तांबडी दिसते तीही लोखंड आणि ऑक्सिजन यांच्या जोडीमुळेच. पण अशा जोडणीत केंद्रकाला धक्काही लागत नाही. लोखंड गंजले तरी त्याचे २६ प्रोटॉन २६ च राहतात. केंद्रकात बदल घडवायचा तर वेगळीच करामत लागते.

भाभांनी आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास केला. हे किरण हवेतल्या अणूंवर आदळले की एका कणाचे दोन, दोनांचे चार असे करत कणांचा वर्षाव होतो. तो कसा होतो याचे गणित भाभा आणि हाइटलर या दोघांनी १९३७ साली मांडले. त्यामुळे भाभांचे नाव जगभर झाले.

१९३९ साली ते सुटीत मायदेशी आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. तेव्हा ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. तिथे सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, भाभांना इंग्लंडच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. युद्ध संपल्यावर त्यांना खुशाल परत जाता आले असते. तिकडे मान होता, प्रयोगशाळा होत्या. इकडे काय होते? देश पारतंत्र्यात, साधने तुटपुंजी. तरी आपल्या देशातच काम उभे करायचे, असा त्यांनी निश्चय केला.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटांच्या विश्वस्त संस्थेला पत्र लिहून एक संशोधन संस्था काढण्यासाठी मदत मागितली. अणूपासून वीज होऊ लागेल तेव्हा भारताला जाणकार माणसे परदेशातून आणावी लागू नयेत, ती इथेच तयार असावीत, असा त्या पत्राचा आशय होता. लक्षात घ्या, हिरोशिमावर बॉम्ब पडला तो ऑगस्ट १९४५ मध्ये. म्हणजे बहुतेक जगाने अणुशक्ती हा शब्द ऐकण्याआधीच भाभांच्या मनात तिच्यापासून वीज करण्याचा विचार आला होता. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. तिचे मुंबईतले पहिले घर म्हणजे पेडर रोडवरचा एक बंगला.

स्वातंत्र्य मिळाले. १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ साली मुंबईजवळ तुर्भे येथे अणुसंशोधनाचे केंद्र उभे राहू लागले. हे तुर्भे म्हणजे आपल्या तालुक्यातले तुर्भे नव्हे बरे का, मुंबईच्या खाडीकाठचे, ज्याला ट्रॉम्बे म्हणतात ते. तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. इंधन इंग्लंडहून आणले होते, पण भट्टी आपल्याच शास्त्रज्ञांनी आणि कामगारांनी बांधली. सोव्हिएत रशिया वगळता आशिया खंडातली ही पहिली अणुभट्टी. भट्टी म्हटल्यावर लोहाराची भट्टी डोळ्यांपुढे येते. पण इथे ना कोळसा, ना भाता, ना जाळ! एक खोल पाण्याचा हौद. त्यात युरेनियमचे इंधन सोडलेले. भट्टी चालू झाली की पाण्यात सुंदर निळा उजेड पडे.

युरेनियमच्या केंद्रकात ९२ प्रोटॉन असतात. त्यातल्या एका जातीच्या युरेनियमवर न्यूट्रॉन आदळला की केंद्रक दुभंगते, उष्णता निघते आणि आणखी दोनतीन न्यूट्रॉन सुटतात. ते पुढची केंद्रके फोडतात. हे एकदम बेफाम झाले की बॉम्ब. न्यूट्रॉन गिळणाऱ्या कांड्या घालून ते ताब्यात ठेवले की अणुभट्टी. चुलीतला विस्तव भाकरी भाजतो आणि तोच विस्तव गवताच्या गंजीत गेला तर घर जाळतो, तसेच हे आहे.

आता माझ्या आजीच्या कोबाल्टकडे येऊ. मूलद्रव्यांच्या तक्त्यात लोखंडाचा अणुक्रमांक २६ आणि कोबाल्टचा २७. म्हणजे कोबाल्ट हा आपल्या लोखंडाचा अगदी शेजारी! साध्या कोबाल्टच्या केंद्रकात २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन असतात, दोन्ही मिळून ५९. तो अणुभट्टीत ठेवला की त्यात एक न्यूट्रॉन शिरतो आणि बेरीज होते ६०. या कोबाल्ट-६० ला हा जादा न्यूट्रॉन पेलवत नाही. त्याचे अणू एकेक करून बदलत जातात आणि त्या वेळी गॅमा किरण बाहेर पडतात. सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मे अणू बदलून जातात. हे किरण नेमके गाठीवर सोडले की वाईट पेशी मरतात. म्हणजे यात स्फोट नाही, बॉम्ब नाही. मात्र किरण जपूनच वापरावे लागतात. म्हणून कोबाल्ट शिशासारख्या जड धातूच्या जाड कवचात बंद असतो आणि किरण किती वेळ द्यायचे ते मोजूनमापून ठरते.

परळचे टाटा रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. त्या वेळी त्या खात्याची धुरा भाभांच्याच हाती होती. पुढे तुर्भ्याच्या केंद्राने कोबाल्टचे उपचार यंत्र भारतातच बनवले. त्याचे नाव भाभाट्रॉन ठेवले आहे.

१९५५ साली जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्षपद भाभांकडे होते. एवढा मोठा माणूस, पण चित्रे काढणे त्यांनी सोडले नाही. झाडांवर तर त्यांचे फारच प्रेम. इमारतीच्या आड येणारे झाड तोडण्यापेक्षा ते मुळांसकट दुसरीकडे नेऊन लावायला ते सांगत. हुशार तरुण निवडून त्यांना शिकवण्यासाठी त्यांनी १९५७ साली तुर्भ्याला प्रशिक्षण शाळा काढली.

पण नियतीला त्यांचे सुख पाहवले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी ते व्हिएन्नाला एका बैठकीसाठी निघाले होते. त्यांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातले सर्व ११७ जण मृत्यू पावले. भाभा तेव्हा अवघे ५६ वर्षांचे होते. सारा देश हळहळला. १९६७ साली तुर्भ्याच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. १९६९ साली तारापूरला अणुशक्तीपासून वीज तयार होऊ लागली. याच ज्ञानातून १९७४ आणि १९९८ साली पोखरणला अणुस्फोटही झाले, हेही सांगितले पाहिजे. ज्ञान एकच, त्याचे काय करायचे ते माणसाने ठरवायचे.

हे सगळे मी वहीत उतरवून घेतले आणि सुटीत मुंबईला गेल्यावर आजीजवळ बसून वाचून दाखवले. प्रोटॉन, न्यूट्रॉन तिला कळले असे मी म्हणणार नाही. पण कोबाल्ट हा आपल्या विळ्याच्या लोखंडाचा शेजारी आहे, एवढे ऐकून ती हसली आणि दुसऱ्या दिवशी लाईट घ्यायला तयार झाली. आता ती घरी आली आहे. दर काही महिन्यांनी तपासणीला जावे लागते. डॉक्टर पुढचे सांगतील ते खरे. पण सध्या पडवीत बसून ती विळीवर भाजी चिरते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की यात पण अणू आहेत!

मित्रहो, एखाद्या शब्दाला घाबरण्याआधी तो समजून घ्यावा, हे मी डॉ. भाभांच्या चरित्रातून शिकले. पालकहो, तुमच्याही घरी कोणी उपचाराला घाबरून बसले असेल तर आमचा शेजारचा मूलद्रव्यांचा तक्ता जरूर पाहा. २६ आणि २७ हे दोन चौकोन आम्ही तांबड्या शाईने रंगवले आहेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी, कापडे