उपकाराचा हक्क करणारे सभापती

विधिमंडळात अनेक वर्षे वावरलेल्या लोकप्रतिनिधींची महाराष्ट्रात वाण नाही. त्यांतील बहुतेकांची स्मृती गाजलेल्या भाषणांत आणि सभात्यागांत उरते. वि. स. पागे यांचे तसे नाही. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने बोलावयाचे कमी आणि ऐकावयाचे अधिक, हा त्या आसनाचा धर्म. परंतु महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेल्या अत्यंत लोकोपयोगी कायद्यांपैकी एकाचे मूळ या मितभाषी आसनावरील गृहस्थाच्या चिंतनात आहे, ही गोष्ट सुशिक्षितांनाही ठाऊक असतेच असे नाही.

पागे यांचा जन्म १९१० चा. ते वकील होते, स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावास सोसला होता आणि संतवाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा होता. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातल्या विसापुराशी त्यांचा ऋणानुबंध होता. तेथे त्यांनी पाहिले ते हे की, शेतमजुराला वर्षातील काही महिनेच काम मिळते. उरलेले महिने तो उपाशी राहतो किंवा शहराची वाट धरतो. हात आहेत, करण्याजोगी कामेही आहेत, पण दोहोंची गाठ घालून देणारे कोणी नाही. साठीच्या दशकात त्याच तालुक्यात त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती उचलून धरली. पुढे १९७२-७३ चा भीषण दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील सुमारे पन्नास लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती.

तथापि दुष्काळी काम आणि पागे यांची रोजगार हमी यांत मूलभूत भेद आहे. दुष्काळी काम सरकारला दुष्काळ दिसेल तेव्हा सुरू होई. तो राजाचा उपकार होता. हमीने हा क्रम उलटा केला. ग्रामीण भागातील प्रौढ स्त्री-पुरुषाने अंगमेहनतीचे काम मागावे आणि सरकारने ते पंधरा दिवसांत द्यावे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. १९७७ चा हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ही त्याची दृश्य फळे होत. स्त्रीला पुरुषाइतकाच दर मिळाला, हे अदृश्य फळ त्याहून मोलाचे.

जुन्नर तालुक्याकडे पाहिले म्हणजे या विचाराची निकड उमगते. पश्चिमेस घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो. माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणे याच तालुक्यातली. परंतु पूर्वेस आणे घाट चढून गेले की पठार लागते ते पर्जन्यछायेतले. खाली पाणी साठलेले आणि वर शेती आभाळाच्या भरवशावर! अशा पठारावरील शेतकऱ्याला बाजरी हाती न लागलेल्या वर्षी सहानुभूतीचे ठराव पुरत नाहीत. त्याला गावाजवळ काम हवे, आणि त्या कामातूनच पुढच्या पावसाचे पाणी अडलेले हवे.

या हमीचा खर्च कोणी सोसला? पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये लागू झाला, तो याच कार्यासाठी. शहरातील कारकून, शिक्षक, प्राध्यापक हे नकळत खेड्यातील खडी फोडणाऱ्या बाईचे सहभागीदार झाले. कुरकुर करीत का होईना, नगरवासीयांनी ग्रामवासीयांसाठी चालविलेला असा करार अन्यत्र क्वचितच आढळेल.

योजनेत दोष शिरले नाहीत असे नव्हे. हजेरीपत्रकावर खोटी नावे चढली, कामे अर्धवट राहिली, बेकारी भत्ता प्रायः कागदावरच राहिला. परंतु हे दोष अंमलबजावणीचे, तत्त्वाचे नव्हेत. संसदेने २००५ मध्ये देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर आदर्श होता तो महाराष्ट्राचाच.

पागे १९९० मध्ये निवर्तले. लोकप्रतिनिधीची थोरवी त्याने किती निवडणुका जिंकल्या यावरून मोजण्याची सवय आपल्याला जडली आहे. ज्याने त्याला कधी पाहिले नाही, मतही दिले नाही, अशा माणसाच्या चुलीपर्यंत त्याचे काम पोचले काय, हा प्रश्न आपण विचारीत नाही. तो मतदारांनी विचारू लागावे. पागे यांचे यापरते उचित स्मारक दुसरे नाही.