रेव्हरंड ना. वा. टिळक : धर्म बदलला, माती तीच राहिली



टिळक म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो, पगडीतल्या लोकमान्यांचा. कवितेखाली ना. वा. टिळक हे नाव दिसलं की वर्गातून हमखास प्रश्न येतो, हे तेच का? आपण सांगतो, नाही, हे वेगळे. हे फुला-मुलांचे कवी. आणि तास पुढे सरकतो.

पण या वेगळ्या टिळकांच्या नावामागे रेव्हरंड हा शब्द लागतो. ख्रिस्ती मंडळीच्या पाळकाला लावतात ती ही उपाधी. कोकणातल्या ब्राह्मण घरात जन्मलेला, कीर्तनात रमणारा, संस्कृत शिकलेला माणूस पाळक कसा झाला? आणि झाल्यावर त्याने जुनं काय सोडलं, काय धरून ठेवलं? हे कळलं तर त्यांची कविताही वेगळी वाटू लागते.

बालपण आणि भटकंती

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभाव कडक. आई जानकीबाईंना कवितेची आवड होती. नारायणरावांची कविता आईकडून आली असं म्हणायला हरकत नाही. पण आई लवकर गेली आणि मुलाचं घरात मन रमेना. तो घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृतचे धडे घेतले. शाळेत थोडंफार इंग्रजीही शिकला, पण घरच्या अडचणींमुळे शिक्षण अर्धवट राहिलं.

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचं लग्न झालं. मुलगी तेव्हा ११-१२ वर्षांची. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं गेलं. याच पुढे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

टिळकांचा पाय एका जागी ठरत नसे. कुठे शिक्षक, कुठे कीर्तनकार, कुठे छापखान्यात काम. नोकरी लागायची आणि सुटायची. हातात पैसा आला की समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे. ऐकायला हे फार छान वाटतं, पण घरात चूल पेटवायची असते ती बायकोला. लक्ष्मीबाईंनी हे दिवस कसे काढले असतील ते ज्याचं त्याने ओळखावं.

पुढे नागपूरला आप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थांकडे त्यांना संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. तिथे त्यांच्या विद्वत्तेला जरा स्थैर्य आलं. पण मनात प्रश्न होते. देव एक आहे तर माणसामाणसांत ही उतरंड कशाला? नुसत्या विद्वत्तेने आणि कर्मकांडाने देशाचं भलं होईल का?

रेल्वेच्या डब्यातली भेट

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचं बोलणं सुरू झालं. विषय कवितेचा होता, नंतर धर्माकडे वळला. त्या माणसाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांना ते पटलं नाही, पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला घेतलं.

येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. शत्रूवरही प्रेम करा, दान गाजावाजा न करता द्या, दुसऱ्याचा न्याय करायला बसू नका, ही शिकवण त्यांच्या मनाला भिडली. मनातल्या प्रश्नांना उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. तरी निर्णय एका रात्रीत झाला नाही. नातलग तुटणार, समाज वाळीत टाकणार, बायको-मुलाचं काय होणार, हे सगळं समोर दिसत होतं. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरातली परीक्षा

इथे आपण सहसा थांबतो, पण खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

नवऱ्याने धर्म बदलल्याची बातमी लक्ष्मीबाईंवर वीज पडावी तशी आली. लहानगा दत्तू पदरात. त्या काळातल्या बाईला ना शिक्षण, ना स्वतःची कमाई. पुढची काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोकांचे बोल ऐकायचे, मुलाला सांभाळायचं आणि मन आवरायचं.

टिळक मंडळीसमोर प्रेमाचा संदेश देत होते आणि त्यांच्या निर्णयाची किंमत घरातलं माणूस मोजत होतं. ही गोष्ट झाकून ठेवायचं कारण नाही. ते देवभक्त होते, दिलदार होते, तसेच तापट आणि लहरीही होते. लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रे मध्ये नवऱ्याचे गुण-दोष दोन्ही लिहिले आहेत, आणि तेही हसत हसत. म्हणूनच ते पुस्तक आजही ताजं वाटतं.

काही वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र आले. पण लक्ष्मीबाईंनी लगेच धर्म बदलला नाही. त्या आपलं सोवळं सांभाळून वेगळं शिजवून खात. टिळकांनीही घाई केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला विचारला आणि उत्तरही स्वतःच शोधलं. माणसानेच केलेला भेद असेल तर तो पाळायचा कशाला? मग त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून फरफटत नव्हे, स्वतः विचार करून.

लक्ष्मीबाईंना लिहिणं-वाचणं टिळकांनीच शिकवलं होतं. शिक्षक म्हणून मला त्यांचं हे काम फार मोठं वाटतं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या त्या बाईंनी पुढे मराठीतलं एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिलं.

टाळ, अभंग आणि उपासना

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचं बरंचसं आयुष्य अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेलं. धर्मोपदेशक तयार करणाऱ्या विद्यालयात ते शिकवत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ज्ञानोदय या पत्राच्या मराठी विभागाचं संपादनही त्यांच्याकडे होतं.

त्या वेळी मराठी मंडळीत इंग्रजी गीतांची भाषांतरं परदेशी चालींवर गायली जात. शब्द मराठी, पण चाल परकी. टिळकांना हे खटकायचं. खेड्यातल्या माणसाला देव भेटायचा असेल तर तो त्याच्या बोलीत आणि त्याच्या ओळखीच्या चालीत भेटला पाहिजे असं त्यांना वाटे. मग त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. त्यांची शेकडो गीतं मराठी मंडळीत रुजली आणि आजही उपासनेत गायली जातात.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. यात त्यांची सगळी वृत्ती दिसते. नवा देव स्वीकारताना जुन्या संतांना त्यांनी टाकलं नाही. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं नव्हे, हे त्यांचं ठाम मत होतं. देशावरचं प्रेमही तसंच राहिलं. परदेशी मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता, पण मंडळीचा कारभार भारतीयांच्या हाती असावा असं ते स्पष्टपणे म्हणत.

याच घरात एक कवी वाढला. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाने कविता म्हटली आणि तो बालकवी झाला. पुढे हा मुलगा नगरला टिळकांकडे राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. तो शेवटपर्यंत हिंदूच होता. घर ख्रिस्ती, पोर हिंदू आणि मधे कविता. कुणाचं काही अडलं नाही.

टिळकांची स्वतःची कविता याच मायेतून आली. केवढे हे क्रौर्य मध्ये बाण लागलेली पक्षीण पिलांसाठी तडफडते. ही करुणा त्यांच्या उपदेशातही होती. फूल, पाखरू, लेकरू यांच्यात त्यांना देव दिसे.

शेवटची वर्षे

वयाच्या पन्नाशीनंतर माणूस सहसा स्थिर होऊ पाहतो. टिळकांनी उलटं केलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं. पगार सुटला. साताऱ्याला राहून त्यांनी देवाचा दरबार नावाची चळवळ सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सगळ्या येशूप्रेमी माणसांनी भावाबहिणींसारखं एकत्र यावं ही कल्पना. अनेकांना ती पटली नाही. टिळकांच्या हाती वेळही फार नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

येशूचं चरित्र सांगणारं ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरं राहिलं. टिळकांचे सुमारे दहा अध्याय झाले होते. उरलेलं मोठं काम लक्ष्मीबाईंनी केलं. ज्या बाईला नवऱ्याने अक्षर ओळखायला शिकवलं, तिनेच त्याचं काव्य पुढे नेलं.

वर्गात आणि घरी

मुलांना टिळकांची कविता शिकवताना कवी परिचयाच्या चार ओळींवर थांबू नये असं वाटतं. काही गोष्टी सहज करता येतील.

१. महाराष्ट्राच्या नकाशावर करजगाव, नाशिक, नागपूर, जळगाव, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), सातारा आणि मुंबई दाखवा. टिळकांची भटकंती मुलांना दिसेल.

२. त्यांची एखादी कविता आधी नुसती वाचा, मग ओवीच्या किंवा भजनाच्या चालीत म्हणून पाहा. चाल बदलली की काय होतं ते मुलांनाच सांगू द्या.

३. मोठ्या मुलांशी बोला: चांगलं काम करणाऱ्या माणसाच्या निर्णयाचा त्रास घरच्यांना झाला, तर तो माणूस चांगला म्हणायचा का? उत्तर आपण देऊ नये. मुलं भांडतील, भांडू द्या.

४. घरी आजी-आजोबांकडून एक भजन, अभंग, आरती किंवा प्रार्थना ऐकून यायला सांगा. ज्या घरात जी असेल ती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ती वर्गात ऐकवायची.

चौथा उपक्रम नक्की करून पाहा. एका बाकावर अभंग, दुसऱ्यावर नात, तिसऱ्यावर बुद्धवंदना आणि चौथ्यावर कदाचित टिळकांनीच लिहिलेलं एखादं ख्रिस्ती भजन. ते शेवटचं भजन ऐकून वर्गातलं एखादं पोर म्हणेल, अरे, ही तर आमच्या अभंगासारखी चाल आहे. मग त्या मुलांना टिळक कोण होते ते सांगा.