अनाथांचा गुरु पेस्टालॉझी

वर्गांत चाळीस मुलें असतात, फळ्यावर गणित एकच असतें, आणि तरी तें चाळीस डोक्यांत चाळीस प्रकारें शिरतें; कांहीं डोक्यांत तर शिरतच नाहीं. ही गोष्ट प्रत्येक शिक्षकास ठाऊक असते. परंतु यावर करावयाचें काय, या एका प्रश्नापायीं ज्यानें आपला पैसा, प्रकृति व मनःस्वास्थ्य खर्ची घातलें, अशा एका गुरूची हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

योहान हाइन्रिख पेस्टालॉझी याचा जन्म स्वित्झर्लंडांतील झ्यूरिक शहरीं ता. १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. वडील शस्त्रवैद्य होते. मुलगा पांच वर्षांचा असतांनाच ते वारले. आई आणि बाबेली नांवाची एक एकनिष्ठ मोलकरीण यांनीं मोठ्या काटकसरीनें त्याला वाढविलें. कपडे व जोडे झिजूं नयेत म्हणून त्याला बाहेर खेळावयासही फारसें सोडीत नसत. परिणामीं शाळेंत तो अगदींच बावळा ठरला. अक्षर वाईट आणि शुद्धलेखन त्याहून वाईट! वेड्यांच्या गांवचा रहिवासी अशा अर्थाचें टोपणनांव सोबत्यांनीं त्याला दिलें होतें. १७५५ सालीं भूकंपाचा धक्का बसला तेव्हां गुरुजींसह सारी शाळा बाहेर धांवली. आंत राहिलेलीं पुस्तकें व टोप्या आणावयास मात्र हा बावळाच परत गेला. या गुणासाठीं प्रगतिपुस्तकांत अजूनही रकाना नाहीं.

पुढें विवाह झाल्यावर त्यानें बिर गांवाजवळ नॉयहोफ येथें शेती केली, ती बुडाली. १७७४ पासून तेथेंच गरीब मुलांस जमवून सूतकताईबरोबर लिहिणें-वाचणें शिकविण्याचा उद्योग आरंभिला. तोही १७८० त बंद पडला. पत्नी ॲना हिचें माहेरचें धन त्यांत गेलें. १७८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीनें त्याला कीर्ति दिली, पण त्याला हवी होती शाळा.

ती त्याला मिळाली युद्धाच्या राखेंतून. १७९८ च्या सप्टेंबरांत फ्रेंच सैन्यानें स्टान्स व आसपासचा मुलूख उद्ध्वस्त केला. शेंकडों माणसें मारलीं गेलीं आणि त्यांचीं मुलें उघड्यावर पडलीं. या मुलांसाठीं सरकारनें एका मठाच्या इमारतींत अनाथगृह काढलें व १७९९ च्या जानेवारींत तें पेस्टालॉझीच्या हवालीं केलें. इमारतीचें काम अपुरें, मदतीला एक स्वयंपाकीण, आणि मुलें हळूहळू ऐंशींच्या घरांत गेलेलीं. कोणाच्या अंगावर खरूज, कोणाच्या डोक्यांत उवा. एक मूल भीक मागण्यांत निर्ढावलेलें, तर दुसरें कालपर्यंत सुखवस्तु घरांत वाढलेलें व म्हणून इतरांना तुच्छ लेखणारें. दहांत एकालाही धड मुळाक्षरें येत नव्हतीं. त्यांतून मुलुख कॅथलिक आणि हा प्रॉटेस्टंट; लोकांचा विश्वास कसा बसावा?

अशा ठिकाणीं पुस्तक उघडून पहिला धडा सर्वांना सारखा देणें शक्यच नव्हतें, आणि माझ्या मतें हेंच त्याचें भाग्य. तो मुलांबरोबर जेवी, त्यांच्यामध्येंच निजे, आणि दिवसभर पाही. कोणतें मूल कोठें अडतें, कोणाला भूक आडवी येते, कोणाला भय, कोणाला गर्व, हें त्याला कळूं लागलें. ज्याला थोडें येत होतें त्याला तो दोन कच्च्या मुलांच्या मध्यें बसवी; त्यानें दोघांच्या गळ्यांत हात घालावे व आपणांस येतें तें त्यांस शिकवावें. मदतनीस नव्हते म्हणून सुचलेली ही युक्ति खरी, पण तिनें शिकणारा व शिकविणारा दोघेही पुढें सरकले. जूनमध्यें फ्रेंचांना रुग्णालयासाठीं जागा हवी झाली, शाळा मोडली, आणि रक्त ओकूं लागलेला हा त्रेपन्न वर्षांचा गृहस्थ विश्रांतीसाठीं डोंगरांत गेला. साऱ्या खटाटोपाला पांच महिने लाभले होते.

त्याच वर्षीं बुर्गडॉर्फ येथें एका मोच्याच्या घरीं भरणाऱ्या गरिबांच्या शाळेंत त्याला जागा मिळाली. मोची हाच तेथील गुरुजी. प्रश्नोत्तरांची घोकंपट्टी सोडून हा परका मनुष्य आपल्या मुलांवर प्रयोग करतो, हें पालकांना खपलें नाहीं. त्यांनीं मोच्याची बाजू घेतली. (पालकांनीं रागावूं नये, आपणही बहुधा तेंच केलें असतें.) मग त्याला लहानग्यांच्या शाळेंत पाठविण्यांत आलें. तेथें भिंतीवरील फाटक्या कागदाकडे तो बोट दाखवी. मुलें प्रथम नुसतें भोंक पाहत, मग लांबट भोंक, मग त्याआडची भिंत. आणि जें दिसेल तें पुऱ्या वाक्यांत सांगत. अंक शिकावयाचे ते खड्यांनीं व घेवड्याच्या दाण्यांनीं. वस्तु आधीं, शब्द मागाहून.

१८०५ पासून वीस वर्षें इव्हर्डन येथील किल्ल्यांत त्याची शाळा गाजली. फ्रोबेल तेथें दोन वर्षें राहिला. आपल्या धाकट्या भावंडांच्या बालोद्यानाचा उगम त्याच्यापासून. त्याच गांवीं १८१३ सालीं मूकबधिर मुलांसाठीं निराळी शाळाही निघाली.

परंतु दोष सांगितल्यावांचून चरित्र पुरें होत नाहीं. स्टान्समध्यें ज्यानें प्रत्येक मुलाचा चेहरा वाचला, त्यालाच पुढें कोणत्याही आईस वापरतां येईल अशी एक ठराविक पद्धति हवीशी वाटली. संख्या, आकृति व शब्द यांचे तक्ते झाले. ते साऱ्या वर्गाकडून मोठ्यानें म्हणवून घेतले जाऊं लागले. म्हणजे घोकंपट्टी गेली ती वेष पालटून परत आली! त्यांत निडरर व श्मिड या सहकाऱ्यांचें भांडण विकोपास गेलें, आणि १८२५ त शाळा बंद झाली.

म्हातारा पेस्टालॉझी नॉयहोफला परतला व ता. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग येथें वारला. बिर गांवच्या शाळेला लागूनच त्याला पुरलें. १८४६ सालीं, त्याच्या जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां, लोकांनीं त्याचें स्मारक उभारलें, तें त्या शाळेच्याच भिंतीला.